दप्तराची रांग

१४ ऑक्टोबर

बाळा,

पाकीट हातात आलं आणि उघडायच्या आधीच अक्षर ओळखलं. अजूनही पेन एवढं दाबून लिहितोस की कागदाच्या पाठीवर उमटतं. लहानपणी पेन्सिलींची टोकं मोडायचास आणि माझी बोलणी खायचास. आज तेच उमटलेलं अक्षर मी कागद उलटा करून बोटांनी चाचपत बसले होते. म्हातारपणी माणूस असले उद्योग करतो.

तीन वर्षांनी पत्र, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी एका ओळीत उरकून तू थेट मुद्द्यावर आलास. असू दे. मुद्दा बटणचा, तुझ्या लेकीचा आहे म्हणून रुसत नाही.

तुझं म्हणणं असं की मुलगी दुधाच्या कॅनांमध्ये वाढते आहे. तिची आई सकाळ-संध्याकाळ डेअरीवर असते. आठवीतून शाळा सोडलेली बाई पोरीचा अभ्यास काय घेणार? बटण शाळेत रोज उशिरा जाते, सहामाहीला गणितात नापास झाली आहे. तेव्हा तिला पुढच्या वर्षी, सहावीपासून, माझ्या कॉन्व्हेंटमध्ये वसतिगृहात ठेवावं. "आई, तू तिथेच शिकलीस, तुला मी काय सांगणार?"

हे सगळं तुला कोणी कळवलं ते मी विचारत नाही. या गावात आपण होऊन पोस्टकार्ड लिहिणारा एकच माणूस उरला आहे, आणि तो तुझा काका आहे. डेअरीचा चेअरमन झाल्यापासून त्याला सगळ्या गावाचं दूध आणि सगळ्या गावाच्या लेकीसुना आपल्याच देखरेखीखाली आहेत असं वाटतं.

पण काकाने लिहिलं ते खोटं नाही. सूनबाईला डेअरीवर दोन हात पुरत नाहीत. कॅन काट्यावर चढवायचं, दुधाचा नमुना काढून तपासायचा, माप सांगायचं, चिठ्ठी लिहायची. चिठ्ठ्या बटण लिहिते. शेवटचं कॅन मोजून झालं की दप्तर उचलून धावत सुटते. तोवर पहिला तास संपलेला असतो. पहिला तास गणिताचा. म्हणून गणितात नापास. यात गूढ काही नाही.

आणि खरं सांगू? तुझं पत्र वाचून मी हरखले. ती लांबलचक खोली, ओळीने लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेवर घट्ट ताणलेली पांढरी चादर. चादरीला सुरकुती दिसली की सिस्टर काही न बोलता ती ओढून काढायच्या आणि आपण पुन्हा घालायची. पॉलिशचा वास, खडूचा वास, पियानोच्या खोलीतला बंद वास. आठ वर्षांची होते मी. पहिले काही दिवस उशीत तोंड खुपसून रडले आणि मग अशी रमले की सुट्टीत घरी यायचं जिवावर यायचं. जे काही मला येतं ते तिथलं आहे. आपली नात त्या पायऱ्या चढते आहे हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि दिवसभर हललं नाही.

सूनबाईला संध्याकाळी वाचून दाखवलं. ती कॅन घासत होती. सगळं ऐकेपर्यंत हात थांबला नाही. मग म्हणाली, "मुलाखतीला नेऊ की. चांगली शाळा आहे, बघायला काय जातंय?" पाणी ओतलं, कॅन उपडं घातलं आणि विचारलं, "पण आई, शाळा चांगली आहे म्हणून पाठवायचंय, का मी घरात नसते म्हणून?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"बरं," म्हणाली आणि पुढचं कॅन घेतलं.

जानेवारीत मुलाखत असते. मी तिला तयार करते. काळजी करू नकोस.

तुझी आई


२० नोव्हेंबर

बाळा,

तयारी जोरात आहे. दुपारी शाळा सुटल्यापासून संध्याकाळच्या दुधापर्यंत बटण माझी. कॉन्व्हेंटमध्ये मुलाखत इंग्रजीत होते आणि प्रश्न ठरलेले असतात, माझ्या वेळेपासून तेच. नाव सांग, गाव सांग, घरी कोण कोण आहेत सांग. मला सिस्टरांनी जी वाक्यं घोटून घेतली होती ती अजून अशी तोंडात आहेत की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. तीच हिला देते आहे. "माय फादर वर्क्स इन अ बँक. माय मदर इज अ हाऊसवाइफ. वी आर अ हॅपी फॅमिली." हात पाठीमागे, मान सरळ, शेवटच्या शब्दावर आवाज खाली. पोपटासारखी म्हणते. परवा गाईसमोर उभी राहून म्हणत होती. गाय ऐकून घेत होती.

पण लेखी परीक्षेत गणितही असतं, आणि गणिताचं घोडं अडलेलंच होतं. मागच्या आठवड्यात तिच्या वर्गाच्या बाई घरी आल्या. नवीन आहेत, सायकलवर येतात, चहा नको म्हणतात आणि दोन कप पितात. म्हणाल्या, "आजी, एकटी बटण असती तर मी तिला रागावले असते. पहिल्या तासाला मुलींचे अर्धे बाक रिकामे असतात. मुलं सगळी वेळेवर. मुली तेवढ्या धापा टाकत येतात."

सूनबाई दारात उभी होती. बाई गेल्यावर मला म्हणाली, "मला माहितीय त्या कुठे असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला डेअरीवर नेलं. इतकी वर्षं या गावात आहे, पण डेअरीची सकाळ मी कधी पाहिली नव्हती. तुला आठवत असेल, तिथे माणसं रांगेत उभी राहत नाहीत, कॅनं उभी राहतात. कॅन ठेवलं की नंबर लागला. पुरुष कॅन ठेवतात आणि समोरच्या हॉटेलात चहाला जातात. त्यांचा नंबर आला की हाक मारायची, ते कप संपवून, पैज लावल्यासारखे सावकाश येणार. आणि त्यांच्यामागे बायका. पहाटे धार काढलेली, घरी चूल तशीच, तान्हं मूल थोरलीच्या कडेवर ठेवून आलेल्या. आई घरी पोचल्याशिवाय थोरली हलू शकत नाही. रांग हलत नाही, तोवर आई हलू शकत नाही.

"कळलं?" सूनबाईने विचारलं. "पोरी वर्गात नसतात, कारण त्यांच्या आया इथे असतात. मी आठवीत बाहेर पडले ती अशीच. आई मजुरीला जायची, धाकटा माझ्या कडेवर. शाळा सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. उशीर होता होता एक दिवस गेलेच नाही."

हे तिने मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं होतं का?

ती काहीतरी करणार आहे. काय ते अजून बोलत नाही. पण ओठ घट्ट मिटून कॅन घासते तेव्हा तिचं ठरलेलं असतं, एवढं मला कळतं.

तुझी आई


५ डिसेंबर

बाळा,

तुझं पत्र मिळालं. रागाचं पत्र लवकर पोचतं हे नवीनच कळलं.

हो, मी डेअरीवर बसते. हो, चिठ्ठ्या लिहिते. नाही, मला कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि नाही, तुझ्या बाबांच्या आत्म्याला त्रास होत नसणार. ते असते तर शेजारी खुर्ची टाकून बसले असते आणि चुका काढल्या असत्या.

बटणची जागा मी घेतली म्हणून बटण पहिल्या तासाला पोचते. साधा हिशेब आहे. पाय दुखतात, पण चिठ्ठी पायाने लिहायची नसते.

सविस्तर पुढच्या पत्रात. कॅनं आली.

आई


१९ डिसेंबर

बाळा,

आता सविस्तर.

सूनबाईने नियम काढला. ज्या घरचं मूल आंघोळ करून, दप्तर घेऊन, शाळेला निघायच्या तयारीत डेअरीवर येईल, त्या घरचं कॅन आधी मोजलं जाईल. मागाहून आलं तरी आधी. मूल दिसलं पाहिजे आणि दप्तर दिसलं पाहिजे. नुसतं "आहे घरी, जाईल आत्ता" चालणार नाही.

पहिल्या दिवशी दोनच पोरी आल्या. एकीच्या पाठीवर दप्तर आणि कडेवर भाऊ. तिच्या आईचं कॅन मोजलं, आईने भाऊ घेतला, पोरगी तिथूनच शाळेच्या रस्त्याला लागली. मागे वळून दोनदा पाहिलं तिने, कोणी परत बोलावतं का म्हणून. आठवड्याभरात डेअरीपुढे एवढी दप्तरं झाली की एका कुत्र्याने त्यातलं एक पळवलं.

मग तुझा काका आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला खुर्चीत बघून दचकला.

"वहिनी, तुम्ही? इथे?"

"इथे ऊन छान येतं, भावजी," मी म्हटलं.

मग तो सूनबाईकडे वळला. "अगं, डेअरी दुधाची आहे का शाळेची? रांग म्हणजे रांग. आधी येईल तो आधी."

"काका, आधी येतं ते कॅन," ती म्हणाली. "माणूस हॉटेलात असतो. कॅनाला कुठे घाई आहे?"

"तुझी मुलगी उशिरा जाते म्हणून सगळ्या गावाने मागे राहायचं?"

"माझी मुलगी आता वेळेवर जाते. आई चिठ्ठ्या लिहितात. हे बाकीच्यांसाठी आहे."

"आठवी शिकलेल्या बाईने नियम करायचे आणि आम्ही पाळायचे!"

"आठवी म्हणूनच काका. दहावी झाले असते तर मला हे सुचलंच नसतं."

हॉटेलातले सगळे कप हातात घेऊन बाहेर आले होते. हसू कोणालाच आवरेना, काकालाही अर्ध्यात आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. पण जाताना सांगून गेला, महिनाअखेर बैठक आहे, तिथे हे बंद करू. आणि बैठकीत मतं पुरुषांची, कारण गाई त्यांच्या नावावर. धार बायका काढतात, गाय पुरुषांची. मला याचं नवल वाटलं तर सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही खरंच कॉन्व्हेंटात होता."

एक गंमत लिहिते, म्हणजे तुझा राग उतरेल. घाईआबा आठवतात ना? सतत घाईत असतात आणि कुठेच जायचं नसतं ते? लग्न नाही, मूलबाळ नाही, एक गाय. परवा त्यांच्या कॅनाला दप्तर अडकवलेलं. कुठून पैदा केलं देव जाणे, पट्टा तुटलेला, सुतळीने बांधलेला.

सूनबाईने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आबा, कितवीत आहात?"

"पहिलीत," आबा म्हणाले. "दरसाल नापास होतो."

"मग मागच्या बाकावर बसा."

बसले. आता रोज दप्तर आणतात. कुत्रा आला तर हाकलायला उपयोगी पडतं म्हणतात.

माझ्या वळणदार अक्षराचं इथे कोणाला कौतुक नाही. पहिल्या दिवशी एक जण चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाला, "आजी, नक्षी नको, आकडा लिहा." सिस्टरांनी मला ज्यासाठी सुवर्णपदक दिलं होतं ते हे अक्षर!

तू लिहितोस की यात बटणच्या शाळेचं काय? पुढच्या पत्रात मुलाखतीचं कळवते. माझा शब्द मी मोडलेला नाही.

तुझी आई


१७ जानेवारी

बाळा,

जाऊन आलो. मी, सूनबाई आणि बटण. दुधाला सुट्टी नसते, म्हणून सूनबाईने तीन घरच्या बायकांना काटा शिकवून ठेवला होता. त्यांनी चोख काम केलं असं नंतर कळलं. तेव्हा मात्र ती बसमध्ये सारखी घड्याळ बघत होती.

फाटक तेच. झाडं तोडली आहेत, पण पायऱ्या त्याच, मधे झिजलेल्या. मी पहिली पायरी चढले आणि माझी पाठ आपोआप सरळ झाली. बटण म्हणाली, "आजी, तू एकदम उंच झालीस."

मोठ्या सिस्टर तरुण आहेत. म्हणजे माझ्यापेक्षा तरुण. आमच्या वेळच्या कोणी उरल्या नाहीत. टेबलासमोर आमच्या तिघींसाठी तीन खुर्च्या मांडलेल्या, हे मात्र नवीन. माझ्या वेळी आईला फाटकाशीच थांबवलं होतं.

नाव विचारलं, गाव विचारलं. बटणने हात मागे घेऊन, मान सरळ करून छान सांगितलं. मी टेबलाखाली बोटं गुंफून बसले होते. मग सिस्टरांनी विचारलं, "व्हॉट डज युवर मदर डू?"

"माय मदर इज अ हाऊसवाइफ," बटण म्हणाली. शेवटच्या शब्दावर आवाज खाली.

आणि थांबली. शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. सूनबाईचे हात मांडीवर होते. बाळा, ते हात तू पाहिले नाहीस इतक्यात. कॅनाच्या कडीने तळव्याला कायमचा वळ पडला आहे.

"सॉरी सिस्टर," बटण म्हणाली. "हे चुकलं. हे आजीच्या वेळचं आहे." आणि मग इंग्रजी सोडून सरळ आपल्या भाषेत सुरू झाली. आई डेअरी चालवते. आई पहाटे उठते. दुधात पाणी घातलं तर आई नुसतं बघून ओळखते, तरी नमुना काढते, कारण नुसतं बघून बोललं तर भांडण होतं. आईने दप्तराची रांग काढली. आता आमच्या वर्गात पहिल्या तासाला सगळे बाक भरतात, आणि बसायला जागा नाही म्हणून बाईंनी चटई आणली.

सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शेवटी त्यांनीही आपल्या भाषेतच विचारलं, "आणि ही सगळी धडपड कुणासाठी?"

"माझ्यासाठी नाही," बटण म्हणाली. "मी तर तशीही वेळेवर जाते. आजी चिठ्ठ्या लिहिते."

जागा मिळाली. तिथल्या तिथे सांगितलं. गणिताच्या लेखी परीक्षेतही चांगली पास झाली. पहिला तास चुकत नाही त्याला आता दीड महिना होऊन गेला, याचा हा परिणाम, दुसरं काही नाही.

माझी इतकी साधी चूक माझ्या लक्षात कशी आली नाही? दोन महिने माझ्या तोंडासमोर ती पोर ते वाक्य म्हणत होती, आणि सकाळी उठून मी तिच्या आईशेजारी चिठ्ठ्या लिहीत होते. मला ते वाक्य खोटं वाटलंच नाही, कारण मला ते वाक्य वाटतच नव्हतं. ते इंग्रजी होतं. इंग्रजीत आई घरीच असते.

परतीच्या बसमध्ये बटण खिडकीशी झोपली. सूनबाईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "आई, हाऊसवाइफ म्हणजे घरात असणारी ना?"

"हो."

"मी घरात कधी असते हो?" आणि हसायला लागली. मला वाटलं होतं रडेल. हसता हसता म्हणाली, "मला शिकवा तुमचं इंग्रजी. पुढच्या वेळी कुणी मला असं म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं पाहिजे. पोरीवर किती सोडायचं?"

जागा राखून ठेवायला पंधरा दिवस आहेत. तू आनंदात असशील. तुझा आनंद मी समजू शकते.

तुझी आई


१ फेब्रुवारी

बाळा,

पत्र लांबेल. बैस.

आधी बैठकीचं. बैठक दोनदा पुढे ढकलून अखेर परवा झाली. काकाने ठराव मांडला की रांग पूर्वीसारखी करावी. हात वर होणार एवढ्यात रोज दूध न्यायला येणारा टँकरवाला उठला. त्याला मत नाही, तो नुसता पावतीवर सही घ्यायला आला होता. म्हणाला, "मला कुणाची पोरं शाळेत जातात त्याच्याशी घेणंदेणं नाही. पण पूर्वी तुमची कॅनं उन्हात आणि तुम्ही हॉटेलात. मी हॉर्न वाजवून वाजवून बहिरा झालो. आता बायका पटापट उरकतात, गाडी वेळेवर सुटते. रांग बदलली तर मी पहिल्यांदा पुढच्या गावाला जाईन, तुमच्याकडे शेवटी." कोणाचा हात वर गेला नाही. काकाने ठराव परत घेतला आणि बाहेर येऊन सूनबाईला म्हणाला, "मी काय तुझ्या विरुद्ध होतो का? शिस्तीचा प्रश्न होता." ती म्हणाली, "हो ना काका. शिस्तच लागली." तो गेल्यावर डोळा मारला तिने मला. सासूला!

आता बटणचं.

आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. मी सगळं पुन्हा सांगितलं. ग्रंथालय सांगितलं, पियानो सांगितला, मैदान सांगितलं. मी काही हातचं राखलं नाही, कारण मला ती शाळा आवडते आणि मरेपर्यंत आवडेल.

सूनबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, ह्यांनी पाठवायला का सांगितलं होतं? उशीर होतो, गणित जमत नाही, आणि घरात बघायला कुणी नाही. आता उशीर होत नाही. गणित जमतंय. आणि घरात तुम्ही आहात. मग आता पाठवायची ती कशासाठी?"

"शाळा चांगली आहे म्हणून," मी म्हटलं.

"आहेच. मला आवडली. त्या सिस्टरही आवडल्या. पण अकरा वर्षांची आहे. दहावीनंतर तिला कुठेतरी पाठवावीच लागेल, तेव्हा तुमची सिस्टर असो की आणखी कुणी, मी स्वतः पोचवून येईन. आत्ता नाही."

बटणला विचारलं. ती म्हणाली, "मला पियानो बघायचाय. पण सुट्टीत."

मी त्या दिवशी होकार दिला नाही. दोन दिवस मनात घोळवलं. तुला जे वाटतं ते मलाही वाटत होतं, की ही बाई मुलीचं नशीब दाराशी आलेलं परत पाठवते आहे. मग एक गोष्ट आठवली जी मी इतकी वर्षं कौतुकाने सांगत आले.

मी सुट्टीत घरी यायची तेव्हा माझी आई माझ्याशी बोलताना शब्द शोधायची. मी काही बोलले की म्हणायची, "बघा, कशी बोलते!" आणि शेजारच्या बायकांना बोलावून माझ्याकडून कविता म्हणवून घ्यायची. मला फार अभिमान वाटायचा. पण ती मला कधी काही विचारायची नाही. "जेवलीस का" आणि "झोप नीट लागते का", एवढंच. मी काय शिकते ते विचारायला तिला लाज वाटायची. आणि ती काय करते ते मला ठाऊकच नव्हतं. माझी आई दिवसभर काय करायची, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. शेतात जायची. शेतात म्हणजे काय करायची? माझ्या वाक्यात ती हाऊसवाइफ होती.

बटण आपल्या आईबद्दल न थांबता किती बोलली ते मी त्या खोलीत ऐकलं. संध्याकाळी दूध झालं की त्या दोघी बसतात. ही सांगते आज वर्गात काय झालं. आईला अर्धं कळत नाही आणि ती भांडते. "अपूर्णांक गुणल्यावर लहान कसा होतो? गुणल्यावर वाढलं पाहिजे!" बटण डोकं धरते, पुन्हा सांगते. मी मधे पडत नाही. सिस्टरांनी मला इतकं छान शिकवलं, पण असं भांडून कोणी विचारलं नाही.

तेव्हा मीच सिस्टरांना पत्र लिहिलं की जागा दुसऱ्या मुलीला द्यावी. आम्ही आभारी आहोत. सही तिच्या आईने केली.

तू संतापशील. तू लिहिशील की मी सुनेच्या हातात गेले. तसं नाही, बाळा. माझ्या मनाविरुद्ध मला कोणी हलवू शकत नाही हे तुझ्या बाबांनाही ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालास, "एक तर डेअरी, नाही तर मी," आणि ती डेअरीवर गेली, तू घर सोडून गेलास, तेव्हा मी मधे बोलले नाही. मला वाटलं, नवराबायकोचं आहे, निवळेल. आज मधे बोलते. तिने तुला नाकारलं नव्हतं, तिने काम नाकारलं नाही एवढंच. या कामामुळे तुझी मुलगी मागे पडते असं तुला वाटत होतं. मलाही वाटत होतं. वाटलं ते खोटं नव्हतं, पण त्यावर उपाय काम सोडणं नव्हता आणि मुलगी सोडणंही नव्हता. उपाय तिने शोधला. तू नाही, मी नाही.

आणखी एक. मुलीच्या शाळेबद्दल यापुढे मला लिहू नकोस. माझे गुडघे, माझं औषध, तुझी सर्दी, हे सगळं मला लिही, मी वाट बघेन. पण बटणच्या अभ्यासाचं काही विचारायचं असेल, सांगायचं असेल, ओरडायचं असेल, तर पाकिटावर तिच्या आईचं नाव घाल. तिला वाचता येतं. उत्तरही येईल. उशीर झाला तर रागावू नकोस, तिला फक्त दुपारी वेळ मिळतो आणि सध्या त्यातला अर्धा माझं इंग्रजी खातं.

हे पत्र बंद करायच्या आधी तिला विचारलं, काही कळवायचंय का. पदराला हात पुसत विचार केला तिने.

"सांगा, बटण सहावीला जाईपर्यंत एकदा येऊन जा. तिच्या बाई भेटायला मागतात दोघांना."

"आणखी?"

"आणखी काय? यायचं असेल तर दुपारच्या बसने या म्हणावं. दुपारी मी असते."

आई